घरांतील खोल्या आणि दप्तरांतील नोंदी

जालना शहराच्या कादराबाद भागांत एखादें जुनें घर विकावयास निघालें म्हणजे मध्यस्थ प्रथम खोल्या मोजून दाखवितो. "सात खोल्यांचें घर," असें तो सांगतो. घरधनीही तेंच सांगतो. आणि घेणारा गृहस्थ सहकुटुंब घर पाहून सातच मोजतो. पुढें कर आकारणीचा उतारा हातीं येतो. त्यांत चार खोल्या लिहिलेल्या असतात. मग मालमत्ता पत्रकाची नक्कल काढावी, तर तींत एकाही खोलीचा उल्लेख सांपडत नाहीं. येथून संशयास आरंभ होतो. कोणी म्हणतो, घरधन्यानें कर चुकविला. कोणी म्हणतो, मागील तीन खोल्या बेकायदा आहेत. कोणी 'सरकारी दप्तर असेंच' म्हणून मोकळा होतो. विसाराची रक्कम मात्र तोंवर दिली गेलेली असते.

ह्या गोंधळाचें मूळ लबाडींत असतेंच असें नाहीं. खोली हें माणसाच्या राहण्याचें माप आहे. जमिनीचें नव्हे, कराचें नव्हे, आणि एखादा अपवाद सोडला तर कायद्याचेंही नव्हे. निरनिराळ्या खात्यांनीं आपापल्या कामापुरतें घराकडे पाहिलें आणि जें पाहिलें तें लिहून ठेविलें. म्हणून घरांतील खोल्या दप्तराशीं जुळतात कीं नाहीं हें पाहावयाचें तर कोणत्या दप्तरानें काय मोजलें आहे हें आधीं समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम मालमत्ता पत्रक घ्यावें. शहराच्या ज्या भागाचें नगर भूमापन झालें आहे तेथील प्रत्येक मिळकतीस एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचें पत्रक भूमि अभिलेख खात्याच्या उप अधीक्षकाच्या कचेरींत राहतें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या आधारें हें दप्तर चालतें. पत्रकावर क्षेत्रफळ चौरस मीटरांत, धारकाचें नांव, सत्ताप्रकार, पट्टा किंवा बोजा असल्यास त्याची नोंद, आणि खालीं फेरफारांची तारीखवार हकीकत असते. हें पत्रक भूमीचें आहे. त्या भूमीवर वाडा उभा आहे कीं एक पडवी, हें सांगण्याचें त्याचें काम नव्हे; म्हणून त्यांत खोल्या नाहींत ह्यांत त्याची चूक कांहींच नाहीं. ह्या पत्रकाच्या मागें आणखी एक कागद असतो, त्याची आठवण थोड्यांनाच असते. तो म्हणजे चौकशी नोंदवही. पहिलें भूमापन झालें तेव्हां जागा कोणाची, कशावरून, शेजाऱ्याचें म्हणणें काय, ह्याची जी चौकशी अधिकाऱ्यानें केली तिचें तें टिपण होय. जुन्या घराच्या बाबतींत पत्रकापेक्षां ह्या टिपणानें अधिक उलगडा होतो.

जालन्याच्या घरांचे कागद थोडे अधिक गुंतलेले असण्यास इतिहासही कारण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत, आणि स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. तोंपर्यंत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत होते आणि परतूर परभणी जिल्ह्यांत. त्यामुळें परतूरच्या एखाद्या घराचा जुना कागद परभणीच्या दप्तरांत शोधावा लागण्याचा संभव असतो. खुद्द कागद मिळाला तरी तो उर्दूंत लिहिलेला बैनामा असूं शकतो, आणि त्यावरील सन फसली असतो. हैदराबादच्या फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन अदमासें निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. ज्यास हें ठाऊक नाहीं तो गृहस्थ १३५७ हा आंकडा पाहून घर सहाशें वर्षांचें आहे असें समजावयाचा!

त्या बैनाम्यांत जागेचें माप गजांत किंवा हातांत असतें, आणि घराचें वर्णन बहुधा खणांत. येथेंच मोठी फसगत होते. खण म्हणजे दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील जागा. मराठवाड्यांतील माळवदी घरें ह्याच मापानें बांधलीं जात: तुळया, त्यांवर लाकडी पाटण, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. सात खणांचें माळवद म्हणजे सात खोल्यांचें घर नव्हे. पांच खणांचें माजघर ही एकच लांबट जागा असूं शकते. त्याच माजघरांत दोघां भावांनीं मध्यें भिंत घातली म्हणजे खण पांचच राहतात आणि खोल्या दोन होतात. जुन्या कागदांत ओसरी, पडवी, माजघर, देवघर, बळद, न्हाणी, चौक हीं नांवें येतात. 'खोली' हा शब्द त्यांत फारसा येतच नाहीं, कारण तशी बंदिस्त, एका माणसाची, आंतून कडी लावावयाची खोली ही कल्पना त्या घरांना परकी होती. बैनाम्याच्या लेखकानें खण मोजले, कराच्या कारकुनानें दारें मोजलीं, आणि आजचा मध्यस्थ स्वयंपाकघर व कोठी धरून सारेंच मोजतो. तिघेही आपल्या परीनें खरें सांगतात.

भिंतींचाही हिशेब आहे. माळवदी घराच्या मातीच्या किंवा पांढरीच्या भिंती दोन फूट जाडीच्या असणें नवल नाहीं. आंतून दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक सुटी खोली घेतली आणि चारी बाजूंस दोन फुटांची भिंत धरली, तर आंतील जागा १०० चौरस फूट भरते आणि बाहेरून माप १९६ चौरस फूट येतें. म्हणजे जवळ जवळ निम्मी जागा भिंतींनीं खाल्ली. एका नोंदींत बाहेरील माप आणि दुसरींत आंतील माप असेल, तर दोन्ही नोंदी बरोबर असूनही घर एका ठिकाणीं दुसऱ्याच्या दुप्पट दिसेल. नवीन सदनिकांच्या बाबतींत हा वाद २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें पुष्कळसा मिटविला. त्यांत चटईक्षेत्राची व्याख्या दिली आहे: बाहेरील भिंती, स्वतंत्र सज्जा व उघडी गच्ची सोडून वापरण्याजोगी जी जागा राहते ती, आणि तिच्यांत आंतील आडभिंती धरावयाच्या. जुन्या घरास ती व्याख्या लावून पाहावयास हरकत नाहीं. मात्र जुन्या नोंदी त्या व्याख्येनें लिहिलेल्या नाहींत, हें विसरूं नये.

आतां कराची वही. जालन्याची नगरपरिषद २०२३ सालीं महानगरपालिका झाली. तोंवर तेथें १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू होता, आतां १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा लागू आहे. दोहोंतही पूर्वापार चालत आलेली रीत एकच: ह्या घरास वर्षाला भाडें किती येईल ह्याचा वाजवी अंदाज करावयाचा, त्यांतून दुरुस्तीसाठीं शेंकडा १० वजा करावयाचे, आणि राहिलेल्या मूल्यावर कर बसवावयाचा. हा अंदाज करावयास घराचें क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर हीं लागतात. खोल्यांची संख्या ही त्या वहींत वर्णनापुरती येते. शिवाय ही यादी दरवर्षीं नव्यानें होत नाहीं. नगरपरिषदांच्या कायद्यानें चार वर्षांतून एकदां तरी ती नवी करावी असें सांगितलें आहे, आणि प्रत्यक्षांत जुनीच वही पुढें चालविली जाणें हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. म्हणून उताऱ्यावरील 'चार खोल्या' ह्या शब्दांपेक्षां त्या कोणत्या वर्षीं पाहून लिहिल्या हें विचारणें अधिक उपयोगाचें.

हा भेद उदाहरणानें चांगला कळेल. समजा, जागा १२० चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारें १,२९२ चौरस फूट. करवहींत तळमजला ६० चौरस मीटर आणि चार खोल्या अशी नोंद आहे. आज घरांत सात खोल्या आहेत. ह्या वाढीव तीन खोल्या तीन तऱ्हांनीं आलेल्या असूं शकतात. पहिली तऱ्हा, माजघर व इतर मोठ्या जागांत आडभिंती घातल्या. येथें क्षेत्र ६० चें ६० राहिलें. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानेंही केवळ आंतील भागापुरत्या फेरबदलांस, वारसा म्हणून जपलेल्या इमारती वगळतां, परवानगीच्या कचाट्यांतून मोकळें ठेविलें आहे. भार पेलणारी भिंत किंवा खांब हलविला असेल तर मात्र गोष्ट निराळी. ह्या तऱ्हेंत खोल्यांचा आंकडा चुकीचा दिसतो, पण दोष कोठेंच नाहीं. दुसरी तऱ्हा, परसांतील उघड्या जागेवर पत्रे टाकून, भिंती घालून तीन खोल्या काढल्या. तळमजला आतां ७८ चौरस मीटर झाला, आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून मोकळी सोडावयाची जागा कदाचित् त्यांत बुजली. तिसरी तऱ्हा, जिना काढून वर ३० चौरस मीटरांचा सिमेंट-काँक्रीटचा मजला चढविला. आतां एकूण बांधकाम ९० चौरस मीटर. दुसऱ्या व तिसऱ्या तऱ्हेस मंजूर नकाशा लागतो. तो असेल आणि केवळ करवहींत वाढ चढविली नसेल, तर प्रश्न थकलेल्या कराचा आहे. नकाशाच नसेल तर प्रश्न बांधकामाच्या अस्तित्वाचा आहे. तिन्ही घरांत खोल्या सातच. तरी पहिलें घर निर्धास्तपणें घ्यावें, दुसरें विचार करून, आणि तिसरें मंजुरीचा कागद पाहिल्यावांचून घेऊंच नये.

येथें एक समजूत घातक ठरते. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालें, असें पुष्कळ सुशिक्षित लोकही मानतात. महानगरपालिका बेकायदा बांधकामावरही कर बसवूं शकते. इतकेंच नव्हे, तर १९४९ च्या कायद्याच्या कलम २६७-अ प्रमाणें कराच्या दुपटीपर्यंत शास्तिही घेऊं शकते. त्याच कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ही रक्कम घेतली म्हणजे बांधकाम नियमित झालें असा अर्थ होत नाहीं. म्हणून वहींत सातही खोल्या लिहिलेल्या आढळल्या, तरी तेवढ्यानें निश्चिंत होऊं नये. उलट वहींत चारच असून मंजूर नकाशांत सातही असतील, तर तें घर अधिक सुरक्षित होय.

खोल्या मोजा असें खरोखर सांगणारा एक कायदा आहे, आणि तो सदनिकांचा आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणें इमारतीचें जें घोषणापत्र नोंदवावें लागतें, त्यांत प्रत्येक सदनिकेचा क्रमांक, ठिकाण, अदमासें क्षेत्र आणि खोल्यांची संख्या लिहावयाची असते, व सोबत मजल्यांचे नकाशे जोडावयाचे असतात. अशा इमारतींत सदनिका घेणाऱ्यास ताळा पाहणें सोपें जातें: घोषणापत्रांत दोन खोल्या असतां तिसरी दिसली, तर ती बहुधा सज्जा बंद करून झालेली असते. परंतु हा कायदा लागू होण्यास मालकांनीं तसें घोषणापत्र केलेलें असावें लागतें. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत तें सांपडणार नाहीं. तेथें मंजूर नकाशा आणि विक्रीचा नोंदलेला करार हींच साधनें.

आणि खोली म्हणावें तरी कशास? २०११ च्या जनगणनेच्या घरयादींत राहण्याची खोली धरली ती भिंती, दार व छप्पर असलेली आणि निदान २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व २ मीटर उंच अशी. म्हणजे माणूस आडवा होऊन निजूं शकेल एवढी. केवळ स्वयंपाकाची जागा, न्हाणी, कोठी, व्हरांडा ह्या सोडून दिल्या. राष्ट्रीय इमारत संहिता मात्र राहण्याच्या खोलीस ९.५ चौरस मीटर क्षेत्र व २.४ मीटर रुंदी मागते. जनगणनेची सर्वांत लहान खोली ३ चौरस मीटरांची; संहितेच्या दृष्टीनें ती कोठीच ठरेल. जनगणनेचा आंकडा दाखवून कोणी आपल्या खोल्या सिद्ध करूं म्हणेल तर तेंही होणें नाहीं, कारण १९४८ च्या जनगणना कायद्यानें त्या नोंदी गुप्त ठेविल्या आहेत आणि त्या पुराव्यांत चालत नाहींत.

जिल्ह्यांतील खेड्यांची स्थिति थोडक्यांत अशी. गांवठाणांतील घरास सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा उतारा असतो. त्यांत घराचा क्रमांक, मालक, वापरणारा आणि वर्णन असतें. पण तीही करवहीच, मालकीचा पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना जाहीर केली, तेव्हांपासून गांवठाणांचें भूमापन ड्रोननें होऊं लागलें. त्यापूर्वीं पुणें जिल्ह्यांतील सोनोरी येथें तसा प्रयोग झालेलाच होता. घरमालकानें चुन्यानें हद्द आंखावयाची, वरून यंत्रानें छायाचित्र घ्यावयाचें, नकाशा करावयाचा, चौकशी करावयाची, आणि मग सनद व मालमत्ता पत्रक द्यावयाचें, असा क्रम आहे. आकाशांतून छपरें दिसतात, खोल्या दिसत नाहींत. गोठ्याचे पत्रे आणि ओसरीचे पत्रे वरून सारखेच. तेव्हां चुन्याची रेघ आंखतांना घरचें कोणी जाणतें माणूस हजर असणें हेंच त्या दिवशींचें खरें काम असतें.

शहराच्या कडेस तिसराच प्रकार आहे. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले, त्यांवर घरें झालेलीं, आणि सातबारा अजून शेतीचाच. अशा वसाहतींसाठीं २००१ चा गुंठेवारी नियमितीकरण कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस त्याचा लाभ देण्यांत आला. येथें खोल्या जुळविण्याआधीं नियमितीकरणाचें प्रमाणपत्र मागावें. तें नसेल तर पुढील सारी मोजणी व्यर्थ आहे.

प्रत्यक्ष ताळा पाहण्याचें काम अवघड नाहीं, कंटाळवाणें आहे. एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढावा. प्रत्येक भागाची आंतील लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, छपराचा प्रकार, मजला, आणि घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीप्रमाणें तो भाग कधीं झाला, हें लिहावें. हें शेवटचें कलम सर्वांत मोलाचें. कोणत्या सुनेच्या बाळंतपणास मागची खोली बांधली हें आजीस आठवतें, आणि तेवढ्यावरून तें बांधकाम मंजूर नकाशाच्या आधींचें कीं नंतरचें हें कळतें. मग मालमत्ता पत्रक, चौकशी नोंदवहीचा उतारा, खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र, आणि शेवटीं कर आकारणीचा उतारा, ह्या क्रमानें पाहावें. मालमत्ता पत्रकाची नक्कल आतां सरकारी संकेतस्थळावरूनही मिळते. चौरस फुटांचे चौरस मीटर करतांना १०.७६४ नें भागावें. खोल्या जुळवीत बसूं नये. क्षेत्र, मजले आणि चतुःसीमा जुळवाव्या. १९०८ च्या नोंदणी कायद्यासही घर ओळखूं येईल एवढेंच वर्णन हवें असतें, म्हणून खरेदीखतांत चतुःसीमा हाच कणा असतो.

विकणाऱ्यावरही कायद्यानें जबाबदारी टाकली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणें जो महत्त्वाचा दोष त्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळणार नाहीं, तो त्यानें उघड केला पाहिजे. मात्र महानगरपालिकेच्या दप्तरांत जाऊन नकाशा पाहणें ही साधारण काळजींतलीच गोष्ट आहे, असें न्यायालय म्हणूं शकतें. म्हणून विसार देण्यापूर्वींच ही फेरी घालावी.

चूक आढळली तर ती कोणाच्या दप्तरांतील आहे त्यावर उपाय ठरतो. पत्रकांत नांव किंवा आंकडा उतरून घेतांना झालेली चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं दुरुस्त होते. क्षेत्राबद्दलच शंका असेल तर मोजणीचा अर्ज करावा. करवहींतील वर्णन बदलावयाचें तर महानगरपालिकेच्या कर विभागाकडे नकाशासह अर्ज द्यावा, आणि नवी यादी प्रसिद्ध होते तेव्हां हरकतीची मुदत चुकवूं नये. जादा क्षेत्र आपण होऊन सांगितल्यास कर वाढेल, ही भीति खरी आहे. पण विक्रीच्या किंवा कर्जाच्या वेळीं तीच लपविलेली खोली बँकेच्या मूल्यांकनांतून वगळली जाते, आणि वांचविलेल्या कराहून अधिक रक्कम हातची जाते. शेजाऱ्याशीं किंवा भाऊबंदांशीं मालकीचाच तंटा असेल तर ह्या कोणत्याही कचेरीचा उपयोग नाहीं. महसुली नोंद खरी मानावी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच, असें संहितेच्या कलम १५७ चें सांगणें आहे. तें सिद्ध व्हावयाचें तें दिवाणी न्यायालयांत.

जुन्या वाड्यांत हा तंटा बहुतेक वाटणीच्या कागदांतून निघतो. 'थोरल्यास चार खोल्या, धाकट्यास तीन' एवढेंच लिहून भाऊ मोकळे होतात. त्यांच्या मुलांच्या काळांत माजघरांत भिंत पडते, ओसरी बंद होते, आणि चौथी खोली कोणती हेंच कोणास सांगतां येत नाहीं. वाटणीपत्र लेखी करावयाचें तर तें नोंदवावें लागतेंच. त्यास मोजमापांचा नकाशा जोडावा, सामाईक भिंत कोणाची, जिना कोणाचा, गच्चीवर बांधण्याचा हक्क कोणास, चौकांतील नळ कोणाकडे, हें त्यावर लिहावें, आणि मग पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी. ती होईपर्यंत मालमत्ता पत्रकावर दोघां भावांचीं नांवें एकाच क्रमांकाखालीं, हिस्सा न फोडतां, तशींच राहतात.